वीट खोटी नाही

सज्जनहो, गेल्या चातुर्मासात एका कीर्तनात आमच्या हातून एक चूक झाली. ती कोणती, ती आम्हांस कोणी दाखविली आणि ती दुरुस्त करताना आम्ही काय शिकलो, हे या पाठात सांगावयाचे आहे. चूक आमच्या एकट्याची असती तर आम्ही ती आमच्यापाशीच ठेविली असती. पण हल्ली पुष्कळ सप्ताहांत, पुष्कळ निरूपणांत तीच चूक ऐकू येते, म्हणून लिहिणे भाग पडले.

विषय मायेचा होता. निरूपण रंगात आले होते, टाळकऱ्यांची साथ उत्तम होती, आणि त्या भरात आम्ही बोलून गेलो, “अहो, पांडुरंगाच्या पायांखालची ही वीट आहे ना, तीसुद्धा पाहिली तर आहे, न पाहिली तर नाही! हे आम्ही नाही म्हणत. परदेशातले मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणतात. क्वांटम नावाच्या शास्त्राने सिद्धच केलं आहे, की जग म्हणजे निव्वळ भास!” टाळ्या पडल्या. आम्हांसही बरे वाटले, खोटे कशाला बोला.

कीर्तन झाल्यावर मंडळी दर्शनाला येत होती. त्यांत एक वृद्ध माउली आल्या. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाल्या, “महाराज, येक इचारू का? पाहिलं तरच असतं म्हणालात. माझा ल्योक गेला त्याला तीन वर्सं झाली. आता त्यो मला दिसत न्हाई. मग त्यो नव्हताच का? आन् ह्ये हितं दुखतंय,” त्यांनी छातीवर हात ठेविला, “त्ये बी भासच का?”

आम्ही शब्द जुळवून काहीतरी सांगितले. माउलींनी मान डोलाविली, नमस्कार केला आणि त्या गेल्या. समाधान झाले नव्हते. त्यांचे नाही आणि आमचेही नाही.

मागल्या रांगेत एक निवृत्त विज्ञान-शिक्षक बसले होते. तेही थांबले होते. म्हणाले, “बुवा, राग मानू नका. पण आज तुम्ही शास्त्रज्ञांच्या तोंडी जे घातलंत, ते ते म्हणत नाहीत.” आम्ही म्हणालो, “मग काय म्हणतात ते आम्हांला शिकवा.” साठी उलटल्यावर शिष्य होण्याची लाज कशाची? पुढे कित्येक संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. पाठशाळेत आम्ही तर्कसंग्रह आणि शांकरभाष्य घोकले होते. ते पाठांतर या वयात अशा ठिकाणी कामी येईल असे वाटले नव्हते. असो.

पूर्वपक्ष

कोणत्याही मताचे खंडन करावयाचे तर आधी ते प्रामाणिकपणे मांडावे, ही शास्त्राची रीत आहे. ‘विज्ञानाने जग खोटे ठरविले’ असे म्हणणारे तीन हेतू देतात. पहिला, पदार्थ आतून पोकळ आहे, म्हणून त्याचा घट्टपणा भास होय. दुसरा, पाहणारा पाहील तेव्हाच कण कण होतो, म्हणून पाहणाऱ्यावाचून जग नाही. तिसरा, २०२२ साली ज्या प्रयोगांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यांनी ‘जग खरे नाही’ असे दाखविले. या तिन्ही हेतूंत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते भुरळ घालतात. अर्धे खरे नेहमीच अधिक फसवे असते.

हे शास्त्र आहे तरी काय

प्रथम शास्त्राची ओळख करून घेऊ. १९०० साली बर्लिन येथे मॅक्स प्लांक या पंडितांनी तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचा हिशेब मांडला. ऊर्जेची देवघेव पाण्याच्या धारेसारखी अखंड होते असे धरले, तर तो हिशेब जुळेना. ती नाण्यांसारखी सुटी सुटी होते असे धरले, तेव्हा जुळला. बाजारात आपण पैशाहून लहान नाणे देऊ शकत नाही, तसे काहीसे. ऊर्जेच्या या सुट्या वाट्याला ‘क्वांटम’ म्हणतात; मराठीत ‘पुंज’. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी प्रकाशही असाच पुंजांनी वागतो हे मांडले. १९१३ साली नील्स बोर यांनी ही कल्पना अणूच्या रचनेस लाविली. १९२५ साली हायझेनबर्ग यांनी आणि १९२६ साली श्रोडिंगर यांनी निरनिराळ्या वाटांनी या शास्त्राचे पूर्ण गणित दिले. त्याच १९२६ साली मॅक्स बोर्न यांनी त्या गणिताचा अर्थ सांगितला : इलेक्ट्रॉन नेमका कोठे सापडेल हे गणित सांगत नाही, कोठे सापडण्याचा संभव किती, एवढेच सांगते.

आणि तो संभव इतका अचूक निघतो, की त्याच्या जोरावर ट्रान्झिस्टर झाला, लेसर झाला. आमच्या पुढ्यातला ध्वनिक्षेपक आणि वारकऱ्याच्या खिशातला मोबाइल ही याच शास्त्राची लेकरे. तेव्हा हे शास्त्र हवेत बोलणारे नाही, एवढे आधी लक्षात ठेवावे.

पहिला हेतू : पोकळपणा

१९११ साली रदरफर्ड यांनी दाखविले, की अणूचे बहुतेक सारे वजन मधल्या चिमुकल्या गर्भात असते. अणूचा व्यास त्या गर्भाच्या दहा हजारपट ते लाखपट. एवढे ऐकले की आम्ही कीर्तनकार लगेच म्हणतो, “पाहा, वीट म्हणजे पोकळी!”

आम्ही गुरुजींना विचारले, “मग पोकळीतून बोट आरपार का जात नाही?” ते म्हणाले, “बुवा, हाच प्रश्न विचारायला हवा होता. याचं उत्तर क्वांटमच देतं.”

उत्तर असे. गर्भाभोवतीची जागा रिकाम्या घरासारखी नसते. इलेक्ट्रॉनांच्या संभव-तरंगांनी ती भरलेली असते. १९२५ साली वोल्फगांग पाउली यांनी नियम सांगितला, की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. दिंडी चालताना पाहा. प्रत्येकाची जागा ठरलेली. एकाच्या जागेवर दुसरा उभा राहू म्हणेल तर राहता येत नाही. म्हणून मागून कितीही रेटा आला तरी सारी दिंडी एका पावलाएवढ्या जागेत मावत नाही. पदार्थाचेही तसेच. हा नियम नसता तर पदार्थ स्वतःतच कोसळत गेला असता. १९६७ साली डायसन आणि लेनार्ड यांनी गणिताने सिद्ध केले, की पदार्थ टिकून राहतो त्याच्या मुळाशी हाच नियम आहे.

सज्जनहो, येथे आम्ही ओट्यावर क्षणभर गप्प झालो. ज्या शास्त्राचे नाव घेऊन आम्ही विटेला भास म्हटले, तेच शास्त्र वीट घट्ट का आहे याचे कारण सांगते! साक्षीदार आम्ही बोलाविला आमच्या बाजूने, आणि त्याने साक्ष दिली विटेच्या बाजूने. एखाद्या गोष्टीचे कारण कळले म्हणजे ती गोष्ट खोटी ठरत नाही. भाकरी पिठाची आहे असे कळल्याने कोणाची भूक खोटी झाली आहे काय?

दुसरा हेतू : पाहणारा

हा हेतू अधिक अवघड आहे, म्हणून सावकाश वाचावा.

एका पडद्याला दोन बारीक फटी पाडल्या. पलीकडे काच ठेविली. फटींतून प्रकाश सोडला तर काचेवर उजेड-अंधाराचे आळीपाळीने पट्टे उमटतात, कारण दोन फटींतून आलेले तरंग कोठे एकमेकांस वाढवितात, कोठे मारतात. तळ्यात दोन खडे टाकले असता लाटांचे जे होते तेच. प्रकाशाबाबत हे टॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात दाखविले. १९६१ साली जर्मनीत ट्युबिंगन येथे क्लाउस यॉन्सन यांनी हाच प्रयोग इलेक्ट्रॉनांवर केला. पुन्हा पट्टेच! १९८९ साली जपानात टोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. फटींऐवजी त्यांनी मध्ये विद्युत्भारित बारीक तार ठेवून दोन वाटा केल्या होत्या. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकच ठिपका उमटवी. पहिले ठिपके कोठेही पडल्यासारखे दिसले. हजारो जमल्यावर त्यांतून पट्टे उभे राहिले. एकटाच गेलेला इलेक्ट्रॉन दोन्ही वाटांचा हिशेब घेऊन जातो, असेच म्हणावे लागते. येथपर्यंत खरोखर आश्चर्य आहे आणि ते लपवू नये.

आता पुढे. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला हे कळेल अशी योजना केली, की पट्टे नाहीसे होतात. यावरून लोक म्हणतात, “पाहिल्याने जग बदलले! मनाने जड पदार्थ घडविला!”

येथे आम्हांस पाठशाळेतील ‘नवकंबल’ आठवला. न्यायशास्त्रात वाक्छलाचे हे उदाहरण प्रसिद्ध आहे. एकाने म्हटले, याची घोंगडी ‘नव’ आहे, म्हणजे नवी आहे. दुसरा म्हणतो, छे! नऊ कोठे आहेत, एकच तर दिसते! शब्द एक, अर्थ दोन. पहिला अर्थ टाकून दुसरा धरावयाचा आणि वादात जिंकल्याचा आव आणावयाचा, हा वाक्छल. ‘निरीक्षक’ या शब्दाचे आम्ही हेच केले. शास्त्रज्ञ निरीक्षण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असा, की कणाचा दुसऱ्या कशाशी तरी संबंध येऊन त्याच्या वाटेची खूण बाहेर कोठेतरी उरली. ती खूण यंत्रात उरो, हवेत उरो, कोणी वाचो न वाचो. आम्ही निरीक्षकाचा केला द्रष्टा, द्रष्ट्याचा केला साक्षी, आणि साक्षी म्हणजे आत्मा! तीन उड्यांत प्रयोगशाळेतून गाभाऱ्यात.

माणसाने पाहणे यात आवश्यक नाही, हे प्रयोगानेच दिसले आहे. व्हिएन्ना येथील संशोधकांनी १९९९ साली साठ कार्बन-अणूंच्या एकेका रेणूचे असे पट्टे मिळविले. २००४ साली त्यांनी सत्तर कार्बन-अणूंचे रेणू वाटेत लेसरने तापविले. वस्तू तापली की ती प्रकाश बाहेर टाकते. तापलेला तवा लाल होतो तसे. त्या निसटलेल्या प्रकाशात रेणू कोठे आहे याची खूण असते. जसजसे रेणू अधिक तापविले तसतसे पट्टे पुसट झाले. तो निसटलेला प्रकाश कोणी पाहत बसले नव्हते. रेणूची खूण भोवतालात सांडली, एवढे पुरले.

म्हणूनच वीट, डोंगर, चंद्रभागेचे वाळवंट यांच्या बाबतीत असला घोटाळा आपणांस कधी दिसत नाही. हवा, ऊन, धूळ ही विटेला अहोरात्र स्पर्शत असतात. तिची खूण क्षणोक्षणी चहूकडे सांडत असते. मंदिराचे दार रात्री लागले म्हणून वीट कोठे जात नाही.

‘मन लागते’ असे म्हणणारा एकही शास्त्रज्ञ झाला नाही काय? झाला. यूजीन विग्नर या नोबेल-मानकऱ्यांनी १९६१ साली तसा निबंध लिहिला. पण पुढे त्यांनी स्वतःच ते मत सोडले. आणि मोजण्यापूर्वी नेमके काय असते, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. बोर यांच्या परंपरेचे लोक एक सांगतात, १९५२ साली डेव्हिड बोम यांनी दुसरे सांगितले, १९५७ साली ह्यू एव्हरेट यांनी तिसरेच. प्रयोगाचे आकडे तिघांचे सारखेच येतात. तेव्हा त्यांपैकी आपणांस आवडेल ते एक मत उचलून ‘विज्ञानाने सिद्ध केले’ म्हणणे, हे तीन भावांच्या सामाईक शेताचा उतारा एकाच्याच नावावर दाखविण्यासारखे आहे.

तिसरा हेतू : नोबेल पारितोषिक

१४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळ कापुथ या गावी आइन्स्टाइन यांच्या घरी रवींद्रनाथ टागोर गेले होते. दोघांचा सत्याविषयी संवाद झाला. रवींद्रनाथांचे म्हणणे, की सत्य हे मानवी जाणिवेच्या संबंधानेच सत्य असते. आइन्स्टाइन म्हणाले, की घरात कोणी नसले तरी ते टेबल आहे तेथेच राहते. गंमत पाहा, आमचा भारतीय कवी जाणिवेच्या बाजूला आणि पश्चिमेचा शास्त्रज्ञ टेबलाच्या बाजूला! कोणी कोणास हरविले नाही.

आइन्स्टाइन यांची ही श्रद्धा फार खोल होती. १९३५ साली त्यांनी पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह एक निबंध लिहिला. त्याचा आशय आम्ही वारकऱ्यांच्या भाषेत सांगतो. वारीला निघालेल्या गड्याने घाईत वहाणांच्या जोडातील एकच वहाण पिशवीत टाकली. पंढरपुरात पिशवी उघडली तो डावी निघाली. त्याच क्षणी कळले, की घरी उजवी राहिली. यात चमत्कार नाही; कारण पिशवीत डावी आहे हे निघतानाच ठरले होते, फक्त आपणांस ठाऊक नव्हते. एकाच उगमातून निघालेल्या जुळ्या कणांचेही असेच असले पाहिजे, असे आइन्स्टाइन यांचे मत. गुण आधीच ठरलेले. शास्त्र अपुरे म्हणून कळत नाहीत.

१९६४ साली बेलफास्टचे जॉन बेल यांनी यावर एक कसोटी शोधली. वहाणांसारखे सारे आधीच ठरलेले असेल आणि एका ठिकाणच्या मोजणीचा दुसऱ्या ठिकाणी तत्काळ परिणाम होत नसेल, तर जुळ्या कणांच्या उत्तरांचा मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. १९६९ साली या कसोटीला जे सोपे रूप दिले गेले त्यात ती मर्यादा २ या आकड्याची आहे. पुंजगणित म्हणते, सुमारे २.८३ पर्यंत जाता येईल. १९७२ साली अमेरिकेत फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी, १९८२ साली पॅरिसजवळ आलँ आस्पे यांनी आणि पुढे ऑस्ट्रियात आंतोन त्साइलिंगर यांनी प्रयोग केले. १९८२ पूर्वीच्या प्रयोगांतील पळवाटा एकेक करून बुजविल्या गेल्या. २०१५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावर ठेवलेल्या दोन इलेक्ट्रॉनांवर प्रयोग झाला; आकडा आला २.४२. मर्यादा मोडली. आइन्स्टाइन यांची वहाण येथे चालली नाही. २०२२ चे नोबेल आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांस मिळाले ते या कार्याकरिता.

यातून निघते काय? एवढेच, की ‘गुण आधीच ठरलेले’ आणि ‘दूरचा तत्काळ परिणाम नाही’ ही दोन्ही गृहीते एकत्र धरून ठेविता येत नाहीत. वर्तमानपत्रांनी याचे केले ‘जग खरे नाही’. ही शुद्ध अतिव्याप्ती होय. मोजण्यापूर्वी काही गुणांस ठरलेले मूल्य नसते असे जरी मानले, तरी वस्तूच नाही असे त्यातून येत नाही. झाडाला फळ अजून लागले नाही म्हणून झाड नाही असे म्हणता येईल काय?

शिवाय यात एक व्याघातही आहे. हे प्रयोग कशावर झाले? यंत्रावर. निकाल कोठे उमटला? काचेवर, कागदावर. वाचला कोणी? माणसांनी. हे सारे जगातच आहे. जग निव्वळ भास असेल तर यंत्र भास, आकडा भास, आणि त्यावरून काढलेला ‘जग भास आहे’ हा निष्कर्षही भास! बसलेली फांदीच तोडण्याचा हा उद्योग.

मिथ्या म्हणजे काय

तिन्ही हेतू गेले. आता कोणी विचारील, “मग बुवा, आपले आचार्य जग मिथ्या म्हणाले ते चुकले काय?”

नाही. चुकलो आम्ही, कारण आम्ही ‘मिथ्या’ शब्दाचा अर्थ ‘मुळीच नाही’ असा केला. मुळीच नसणाऱ्यास शास्त्र ‘असत्’ म्हणते. सशाचे शिंग, वंध्येचा पुत्र. मिथ्या त्याहून वेगळे आहे. सत्तेच्या तीन पायऱ्या आचार्यांच्या संप्रदायात शिकवितात. अंधारात दोरीवर दिसलेला साप ही प्रातिभासिक सत्ता. दिवा आणला की ती संपते. दोरी, दिवा, घर, शेत, भूक, आजार ही व्यावहारिक सत्ता. ब्रह्मज्ञान होईपर्यंत ती कोणास टाकता येत नाही. ब्रह्म ही पारमार्थिक सत्ता. ‘जग मिथ्या’ हे विधान तिसऱ्या पायरीवरून केलेले आहे. ते पहिल्या पायरीवर आणून विटेला सापाच्या रांगेत बसविणे हा आचार्यांचा सिद्धांत नव्हे.

किंबहुना आचार्यांनी नेमक्या याच मताचे खंडन केले आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात अठ्ठाविसाव्या सूत्रापासून विज्ञानवाद्यांशी वाद आहे. बाहेर पदार्थ नाहीतच, सारे आतल्या जाणिवेचे आकार आहेत, असे ते विज्ञानवादी म्हणत. आचार्य उत्तर देतात, की पदार्थ प्रत्यक्ष अनुभवास येत असता तो नाही म्हणणे हे जेवून तृप्त होत असलेल्या माणसाने ‘मी जेवतच नाही’ म्हणण्यासारखे आहे. जागेपणीचे जग स्वप्नासारखे आहे हेही ते तेथे मान्य करीत नाहीत. कारण स्वप्न जागे होताच बाधित होते, जग तसे होत नाही. ज्यांच्या नावावर आम्ही जगाला भास म्हणत होतो, त्यांनीच तो भासवाद खोडून ठेविला आहे, आणि आम्ही तो भाग तरुणपणी पाठ केला होता! पाठांतर असून बोध नसला म्हणजे असे होते.

आता विज्ञानाचे स्थान पाहू. इलेक्ट्रॉन डोळ्यास दिसत नसला तरी यंत्रास सापडतो, मोजता येतो, त्याचा ठिपका उमटतो. तेव्हा तो व्यावहारिक सत्तेतच बसतो. पुष्कळांस वाटते, की सूक्ष्मात जात गेले की शेवटी परमार्थ लागतो. तसे नाही. खोल विहिरीत उतरले म्हणजे आकाश जवळ येत नाही. सूक्ष्म निराळे आणि पारमार्थिक निराळे.

श्रोडिंगर यांचे उदाहरण बोधक आहे. उपनिषदांवर त्यांची निष्ठा होती. १९४४ च्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी त्यांनी ती उघड लिहिली. पण वेदांताकडे झुकलेला आपला मुख्य निबंध त्यांनी १९२५ सालीच लिहून ठेविला होता, आपले प्रसिद्ध समीकरण प्रकाशित करण्याच्या आधी. समीकरणातून वेदांत निघाला असे त्यांनी म्हटले नाही. दोन्ही त्यांच्या एका हृदयात नांदले, पण एकाची पावती दुसऱ्याच्या नावावर त्यांनी फाडली नाही.

आणि आपल्या माउलींचे काय? अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात ज्ञानेश्वर महाराजांनी अज्ञानाचेच खंडन मोठ्या विस्ताराने केले आहे. अज्ञान म्हणून काही वेगळे नाही, मग त्यापासून झालेले खोटे जग कोठून येणार? हे जग त्या चैतन्याचाच विलास, अशी त्यांची दृष्टी. अभ्यासकांनी तिला ‘चिद्विलास’ हे नाव दिले. आमचा संप्रदाय त्या दृष्टीवर उभा आहे. म्हणून वारकरी जगाकडे पाठ फिरवून डोळे मिटून बसत नाही. पायी चालतो, पायाला फोड येतात, पावसात भिजतो, भेटेल त्याच्या पाया पडतो. जग भासच असते तर पाया कोणाच्या पडावयाचे?

पण सावध! आता उलट धावून ‘विज्ञानाने चिद्विलास सिद्ध केला’ असेही कोणी म्हणू नये. ती तीच चूक, फक्त तोंड दुसरीकडे. आमचा अनुभव आमच्या प्रमाणांवर उभा राहो, त्यांचे शास्त्र त्यांच्या प्रमाणांवर.

कार्तिकीची भेट

कार्तिकीला पंढरपुरात त्या माउली आम्हांस वाळवंटात पुन्हा भेटल्या. आम्हीच पुढे होऊन त्यांच्या पाया पडलो. त्या संकोचल्या. आम्ही म्हणालो, “माउली, त्या दिवशी आम्ही चुकीचं बोललो. तुमचा लेक होता. होता तो होताच. दिसत नाही म्हणून झालेलं न झालेलं होत नाही, असं त्यांचं शास्त्र म्हणत नाही आणि आपलंही म्हणत नाही. आणि तुम्हांला दुखतं ते खरंच दुखतं.”

त्या थोडा वेळ चंद्रभागेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला ठावं हुतं, महाराज. मी त्येला न्हाऊ घातलंय, मला कसं ठावं नसंल? पर तुमी गादीवरनं बोललात, म्हून भ्याले.”

सज्जनहो, त्या एका वाक्याने आम्हांस जे शिकविले ते ओट्यावरच्या सगळ्या धड्यांहून मोठे होते. आमच्या तोंडून निघालेला शब्द कोणाच्या घरी जाऊन काय करतो, हे आम्हांस दिसत नाही. टाळी आम्हांस ऐकू येते. भ्यालेले मन ऐकू येत नाही.

म्हणून आम्ही स्वतःस तीन नियम घालून घेतले आहेत. ज्यांस रुचतील त्यांनी घ्यावेत. शास्त्रज्ञाचे नाव घेण्यापूर्वी ते जाणणाऱ्यास विचारावे. ‘मिथ्या’ म्हणताना तीन पायऱ्या सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि दुसऱ्याच्या दुःखाला भास कधीही म्हणू नये. म्हणावयाचेच असेल तर आधी स्वतःच्या दुःखाला म्हणून पाहावे.

वीट आहे. घट्ट आहे. तिच्यावर देव उभा आहे.

रामकृष्णहरि.